नळीत वाढणारा दगड

आमच्या घरी तांब्याचा बंब होता. आडाचे पाणी आटले आणि बोअरचे पाणी सुरू झाले, त्या वर्षापासून बंबाच्या मधल्या नळकांड्याला आतून पांढरा थर धरू लागला. आई अधूनमधून चिंचेचे पाणी भरून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी काठीने खरवडायची. तो थर म्हणजे दगड आहे, चुनखडीचाच भाऊबंद आहे, हे तेव्हा कोणी सांगितले असते तर मी हसलो असतो. पाणी तापायला जास्त लाकडे लागतात, एवढेच घरात सर्वांना कळत होते.

पुढे एका साखर कारखान्यात पाणी-तपासणीच्या टेबलावर नोकरी लागली. तिथे त्याच पांढऱ्या थराने आम्हाला धडा शिकवला. पाणी मऊ करण्याच्या यंत्रणेकडे दुर्लक्ष झाले, बॉयलरच्या नळ्यांना आतून नखाएवढ्या जाडीचा थर बसला आणि ऐन हंगामात एक नळी फुगून फुटली. क्षाराचा थर उष्णता अडवतो. उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही, मग नळीचा धातूच तापत राहतो आणि शेवटी मऊ पडतो. गाळप थांबले. गेटाबाहेर उसाच्या गाड्यांची रांग उभी राहिली आणि तोडलेला ऊस गाडीतच वाळत गेला. त्या दिवसांत मी मागून आणलेल्या पुस्तकांतून पाण्यातल्या क्षारांविषयी वाचायला सुरुवात केली. रसायनशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. जे आहे ते या कुतूहलातून जमलेले आहे.

वाचता वाचता एक गोष्ट लक्षात आली. बॉयलरमध्ये आपण पाणी आधी शुद्ध करून घेऊ शकतो. पण पृथ्वीच्या पोटातून आपोआप उकळते पाणी वर येते आणि त्यावर वीज तयार करायची असते, तिथे पाणी निवडण्याची सोयच नसते. जे येईल ते घ्यावे लागते, आणि त्यात खडक विरघळलेला असतो. भूगर्भीय विजेचा इतिहास पुष्कळसा या खडकाशी चाललेल्या तडजोडीचा इतिहास आहे. आपल्याकडे लडाखमध्ये अशा विजेचा प्रयत्न होऊ घातला असताना ही तडजोड समजून घेणे मला अगत्याचे वाटते.

कोरडी वाफ आणि ओली वाफ

इटलीतील टस्कनी प्रांतात लार्देरेल्लो नावाचे गाव आहे. तिथे जमिनीतून वाफेचे फवारे निघतात. १९०४ साली पिएरो जिनोरी कोंती यांनी त्या वाफेवर एक छोटे यंत्र फिरवून पाच दिवे लावले. १९१३ साली तिथेच २५० किलोवॉटचे वीजकेंद्र सुरू झाले. लार्देरेल्लोचे भाग्य असे की तिथली वाफ जवळपास कोरडी आहे. मीठ, चुना, गारगोटी यांचे घटक मुख्यतः पाण्यात राहतात, वाफेबरोबर फारसे येत नाहीत. त्यामुळे क्षार साचण्याचा जाच तिथे तुलनेने कमी होता.

जगातील बहुतेक भूगर्भीय क्षेत्रे मात्र ओली आहेत. तिथे खोल खडकात दाबाखाली पाणीच असते. ते दोनशे-अडीचशे अंश सेल्सिअसला तापलेले असूनही दाबामुळे उकळत नाही. विहिरीतून वर येताना दाब उतरतो आणि त्यातला काही भाग एकदम वाफ होतो. ही वाफ वेगळी काढून टर्बाइनकडे पाठवायची आणि उरलेल्या पाण्याचे काहीतरी करायचे, अशी ही पद्धत. न्यूझीलंडमधील वाइराकेई येथे १९५८ साली अशा ओल्या क्षेत्रावरील पहिले मोठे वीजकेंद्र सुरू झाले.

उकळण्याच्या त्या क्षणी तीन गोष्टी एकदम घडतात. पाणी थंड होते. वाफ निघून गेल्याने उरलेल्या पाण्यातले क्षार दाट होतात. आणि विरघळलेले वायू, विशेषतः कार्बन डायऑक्साइड, वाफेबरोबर पळून जातात. हजारो वर्षे खडकाशी जुळवून घेतलेल्या पाण्याचा तोल काही सेकंदांत जातो. जे पोटात धरून ठेवणे आता शक्य नाही, ते पाणी सोडून देते. ते बसते विहिरीच्या नळीत, झडपांत, पाइपांत. यालाच कारखान्याच्या भाषेत 'स्केल' म्हणतात.

हे स्केल अनेक जातींचे असते, पण मुख्य दोनच: चुन्याचे आणि गारगोटीचे. या दोघांचे स्वभाव इतके वेगळे आहेत की एकावरचे औषध दुसऱ्याला चालत नाही. रसायनांची सगळी कथा या फरकात आहे.

किझिलदेरेची विहीर

तुर्कस्तानच्या पश्चिमेला देनिझली प्रांतात पामुक्काले नावाचे प्रसिद्ध ठिकाण आहे. डोंगरउतारावर पांढऱ्याशुभ्र पायऱ्या-पायऱ्यांची कुंडे. नावाचा अर्थ कापसाचा किल्ला. गरम झऱ्यांचे पाणी उघड्यावर आले की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि चुना, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, खाली बसतो. असे होत होत तो डोंगर पांढरा झाला. प्रवासी तो पाहायला जगभरातून येतात.

त्याच प्रांतात किझिलदेरे हे भूगर्भीय क्षेत्र १९६८ साली सापडले आणि १९८४ साली तिथे वीजकेंद्र उभे राहिले. पाण्याचे तापमान दोनशे अंशांच्या आसपास आणि त्यात वजनाने सुमारे दीड टक्का कार्बन डायऑक्साइड. पामुक्कालेच्या उतारावर जे घडते तेच इथे विहिरीच्या नळीत घडू लागले. पाणी वर येता येता ज्या खोलीवर उकळायला लागते, तिथून वरच्या भागात नळी आतून चुन्याने भरत जाई. नळी अरुंद झाली की पाणी कमी, पाणी कमी झाले की वीज कमी. मग विहीर थांबवायची, यंत्राने आतला दगड फोडून काढायचा आणि पुन्हा सुरू करायची. काही महिन्यांनी पुन्हा तेच.

चुन्याची एक खोड इथे सांगितली पाहिजे. साखर, मीठ यांसारखे पदार्थ गरम पाण्यात जास्त विरघळतात. कॅल्शियम कार्बोनेटचे उलटे आहे. पाणी जितके गरम तितका तो कमी विरघळतो. त्याला पाण्यात धरून ठेवतो तो कार्बन डायऑक्साइड. तो आहे तोवर पाणी किंचित आम्लधर्मी असते आणि चुना विरघळलेला राहतो. वायू गेला की पाणी अल्कधर्मी होते आणि चुना उघडा पडतो. म्हणूनच बंबाच्या सर्वांत गरम भागाला थर पहिल्यांदा धरतो, आणि म्हणूनच विहिरीत तो नेमका उकळीच्या जागेपासून वर धरतो.

आता आकडा पाहू. समजा एका विहिरीतून तासाला २०० टन पाणी येते आणि दर लिटरमागे फक्त १०० मिलिग्रॅम चुना खाली बसतो. तासाला २० किलो झाले. दिवसाला ४८० किलो. रोज जवळपास अर्धा टन दगड एका नळीत. हा आकडा माझ्या समजुतीसाठी मांडलेला आहे, पण त्यावरून संकटाचे आकारमान कळते.

यावर एक उपाय असा, की पाण्याला उकळूच द्यायचे नाही. विहिरीत खोलवर पंप बसवून दाब टिकवायचा आणि पाण्याची उष्णता दुसऱ्या, लवकर उकळणाऱ्या द्रवाला द्यायची. कॅलिफोर्नियातील ईस्ट मेसासारख्या मध्यम तापमानाच्या क्षेत्रांत हे केले जाते. पण फार गरम विहिरीत पंप टिकत नाहीत. तिथे दुसरा मार्ग उरतो: उकळीच्या जागेच्या खाली औषध पोचवायचे.

त्यासाठी पाव इंच जाडीची, न गंजणाऱ्या मिश्रधातूची एक अखंड नळी विहिरीत सोडतात. टोकाला वजन बांधलेले असते, कारण खालून वर उसळणारा प्रवाह तिला बाहेर ढकलत असतो. शेकडो मीटर खोल, उकळी फुटण्याच्या जागेच्याही खाली तिचे तोंड नेऊन ठेवायचे आणि वरून पंपाने थेंब थेंब द्रावण सोडत राहायचे. तोंड उकळीच्या वर राहिले तर उपयोग शून्य; कारण चुन्याचे कण तोवर जन्मलेले असतात. पंप बंद पडला तर नळीतले द्रावण उष्णतेने घट्ट होऊन नळीच बुजते. कोस्टारिकातील मिरावालेस येथे १९९४ साली वीजकेंद्र सुरू झाले, तेथील विहिरी या पद्धतीने चालवल्या गेल्या. पुढे तुर्कस्ताननेही हीच पद्धत सर्रास स्वीकारली. किझिलदेरेला २०१३ साली ८० मेगावॉटचे नवे केंद्र झाले आणि त्यानंतर त्याहून मोठे. देशाची भूगर्भीय वीजक्षमता आज सतराशे मेगावॉटच्या आसपास आहे. या केशनळीवाचून ती इतकी वाढली नसती.

पाकातले लिंबू

औषधाची मात्रा ऐकली की विश्वास बसत नाही. दर टन पाण्याला साधारण दोन ते दहा ग्रॅम. आपल्या कल्पित विहिरीला पाच ग्रॅमच्या हिशेबाने तासाला एक किलो, दिवसाला २४ किलो. चोवीस किलो रसायन ४८० किलो दगडाला कसे थोपवते?

दिवाळीत चिरोट्यांसाठी किंवा बालुशाहीसाठी पाक केला, की त्यात आपण लिंबाचे चार थेंब पिळतो. ते पिळले नाहीत तर पाक गार होताना साखर पुन्हा बसते. लिंबातले आम्ल थोड्या साखरेची फोड करते आणि ग्लुकोज व फ्रुक्टोज तयार होतात. साखर कारखान्यात हीच फोड नुकसान म्हणून मोजली जाते. स्वयंपाकघरात ती उपयोगी पडते. स्फटिक वाढतो तो एका ठरावीक रचनेने, एकावर एक सारखे रेणू रचत. मध्येच वेगळ्या घडणीचा रेणू आला की रांग मोडते. थोडी फोडलेली साखर पुष्कळ साखरेला बसू देत नाही, ती यामुळे.

चुन्यावरचे औषध असेच काम करते. पॉलिअॅक्रिलिक आम्ल किंवा पॉलिमॅलेइक आम्ल यांच्या रेणूंच्या लांब साखळ्या असतात आणि साखळीवर जागोजाग ऋण प्रभार असलेले गट असतात. कॅल्शियमचा प्रभार धन. चुन्याचा इवलासा स्फटिक जन्मला की साखळी त्याच्या वाढत्या कडांना जाऊन चिकटते. साऱ्या कॅल्शियमला पकडायची गरज नसते, फक्त जिथे वाढ होत आहे त्या मोक्याच्या जागा अडवल्या की पुरे. अडलेला स्फटिक वेडावाकडा वाढतो, नळीला घट्ट धरत नाही आणि पाण्याबरोबर वाहून जातो.

या गुणाचा शोध जुना आहे. १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेत सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट पाण्याच्या प्रक्रियेसाठी वापरात आले; त्याचे 'कॅल्गॉन' हे व्यापारी नाव 'कॅल्शियम गेले' अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांवरून आलेले आहे. पाणी मऊ करायला ते भरपूर लागते, पण चुना बसू न देण्यासाठी अगदी थोडे पुरते, हे त्याच काळात ध्यानात आले. अभियंते याला 'थ्रेशोल्ड' मात्रा म्हणतात, म्हणजे उंबरठ्यावरच अडवणारी. मात्र अशी फॉस्फेटे उष्णतेत तुटतात आणि तुटलेले फॉस्फेट कॅल्शियमशी जुळून स्वतःच थर धरते. त्यानंतर आलेली फॉस्फोनेटे अधिक टिकाऊ आहेत, पण मात्रा चुकली तर तीही कॅल्शियमबरोबर खाली बसतात. रोगावरचे औषधच रोग व्हावे, तसा हा प्रकार. म्हणून जास्त गरम विहिरींत पॉलिमरांवर भर दिला जातो.

इथे एक गोष्ट विसरू नये. औषधाने चुना नाहीसा होत नाही. पाणी अजूनही त्याच्या ऐपतीपेक्षा जास्त चुना बाळगून असते. औषध फक्त मुदत मिळवून देते. सावकाराकडून मिळते तशी. त्या मुदतीत पाणी विहिरीतून, पाइपांतून, यंत्रांतून पार होऊन पुढे जायला हवे.

गारगोटीची गोष्ट वेगळी

सिलिका म्हणजे गारगोटीचा घटक. खोल खडकात पाणी क्वार्ट्झच्या सान्निध्यात असते आणि त्याच्या हिशेबाने सिलिका विरघळवून घेते. २५० अंशांना दर किलो पाण्यात सुमारे ४८५ मिलिग्रॅम. थंड होताना मात्र सिलिका क्वार्ट्झच्या रूपात बसत नाही, कारण तो स्फटिक घडायला फार वेळ लागतो. ती अस्फटिक, काचेसारख्या रूपात बसते, आणि त्या रूपाची विद्राव्यता जास्त असते. या फरकामुळे आपल्याला थोडी मोकळीक मिळते.

किती? मी वाफेच्या तक्त्यांवरून हिशेब केला. २५० अंशांचे पाणी १५० अंशांपर्यंत उकळू दिले तर सुमारे साडेएकवीस टक्के वाफ निघते आणि उरलेल्या पाण्यात सिलिका ६२० मिलिग्रॅमच्या घरात जाते. १५० अंशांना अस्फटिक सिलिकाची मर्यादाही जवळपास तेवढीच आहे. म्हणजे इथे आपण उंबरठ्यावर उभे असतो. अजून वाफ काढण्याच्या मोहाने १०० अंशांपर्यंत खाली गेलो, तर सिलिका ६९० होते आणि मर्यादा उरते सुमारे ३६०. जवळपास दुप्पट. हा जादा भार पाणी उतरवणारच.

म्हणून सिलिकावरचा सर्वांत जुना उपाय म्हणजे लोभ आवरणे: पाणी गरम असतानाच थांबायचे आणि उरलेली उष्णता न वापरता ते जमिनीत परत सोडायचे. त्याची किंमत न मिळालेल्या विजेत मोजावी लागते.

चुन्यावरची पॉलिमरे इथे फारशी कामाची नाहीत, कारण अडवायला स्फटिकाची कडाच नाही. सिलिकाचे रेणू एकमेकांना जोडले जातात, प्रत्येक जोडाला पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो, आणि साखळ्यांचे गोळे बनतात. ते गोळे पुढे पाइपाला चिकटतात. ही जोडणी उदासीन किंवा किंचित अल्कधर्मी पाण्यात सर्वांत वेगाने होते, आम्लात मंदावते. त्यामुळे सिलिकावरचे खरे चालते औषध म्हणजे मोजून घातलेले आम्ल. पाण्याचा पीएच पाचाच्या आसपास आणला, की सिलिकाला गोळा व्हायला वेळ लागतो आणि पाणी तोवर परतीच्या विहिरीत पोचते. न्यूझीलंडमधील काव्हेराऊसारख्या ठिकाणी हे करतात. पण आम्ल थोडे कमी पडले तर दगड बसतो आणि थोडे जास्त झाले तर पोलादी पाइप खाल्ला जातो. या दोन नुकसानांमधली वाट अरुंद आहे आणि ती रात्रंदिवस सांभाळावी लागते.

कॅलिफोर्नियातील साल्टन सी परिसरातले पाणी तर समुद्राच्या पाण्यापेक्षा कितीतरी पट खारट आहे. वजनाच्या पाचव्या हिश्शाहूनही जास्त क्षार. तिथल्या एका सुरुवातीच्या विहिरीच्या पाइपांत तीन महिन्यांत काही टन थर साचला, आणि १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्या थरात तांबे आणि चांदी आढळल्याची नोंद आहे. धातूंच्या खाणी निसर्गात कशा घडत असाव्यात, हे भूशास्त्रज्ञांना त्या पाइपांत पाहायला मिळाले. पुढे तिथल्या अभियंत्यांनी वेगळीच युक्ती काढली. आधी बसलेल्या सिलिकाचा गाळ ते प्रवाहात परत मिसळतात; नवी सिलिका पाइपाला धरण्याऐवजी त्या कणांवर बसते आणि पुढे टाकीत निवळते. हे वाचले तेव्हा मला पॅनघर आठवले. तिथे आम्ही पाकात साखरेचे बारीक बी सोडत असू, ते याचसाठी. बसायचेच आहे तर आम्ही सांगू तिथे बस.

पाणी पुढे कुठे जाते?

मुदत मिळवून पाणी यंत्राबाहेर आले. पण पुढे काय? आइसलंडमधील स्वार्ट्‌सेंगी केंद्राचे पाणी शेजारच्या लाव्हाच्या खडकात सोडले जाई. ते झिरपून जाईल अशी अपेक्षा होती. सिलिकाने खडकाची छिद्रेच बुजवली, पाणी साचले आणि त्यातून 'ब्लू लगून' हे आज जगप्रसिद्ध असलेले स्नानस्थळ झाले. सगळीकडे असे नशीब नसते. वाइराकेईचे पाणी वाइकाटो नदीत सोडले गेले आणि त्याबरोबर आर्सेनिकही. किझिलदेरेचे पाणी कित्येक वर्षे ब्युयुक मेन्देरेस नदीत जात होते. त्यात बोरॉन होते, आणि त्या नदीच्या पाण्यावर खालची शेती होते. बोरॉन पिकांना किंचित लागते, जास्त झाले की पाने करपतात.

म्हणजे नळीतला दगड रोखणे हा निम्मा प्रश्न. उरलेला निम्मा असा, की रोखलेले क्षार, मूळचे विषारी घटक आणि वरून घातलेले रसायन हे सगळे कुठे जाणार? पॉलिअॅक्रिलेट निसर्गात सहजी कुजत नाही. फॉस्फोनेटाचेही तेच. म्हणून पॉलिअॅस्पार्टिक आम्लासारखी, प्रथिनांच्या घडणीची, जिवाणूंना पचणारी औषधे पुढे आली. अशा पॉलिअॅस्पार्टेटच्या निर्मितीला १९९६ साली अमेरिकेत हरित रसायनशास्त्राचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. चिकोरीच्या मुळातल्या इन्युलिनपासूनही असे औषध बनवतात. अडचण एवढीच, की जे जिवाणूंना सहज तोडता येते ते बहुधा फार उष्णतेतही तग धरत नाही. पाणी पुन्हा खोल जमिनीत सोडणे हा सर्वांत सरळ मार्ग, आणि आज बहुतेक नवी केंद्रे तो पत्करतात. पण परतीच्या विहिरीतही सिलिका बसू शकते. तिथेही मुदतीचा हिशेब चुकवून चालत नाही.

हे सगळे आपल्याला कशासाठी? कोकणात गरम झऱ्याला 'उन्हाळे' म्हणतात. राजापूरजवळच्या गावाचे नावच उन्हाळे आहे. उन्हवरे, तुरळ, वज्रेश्वरी येथील झरे आपल्या ओळखीचे आहेत. पण वर येणारे पाणी सत्तर अंशांच्या आसपास किंवा त्याखालीच असते. वाफेवर चालणारे केंद्र त्यावर होत नाही. देशात आशेची पहिली जागा मानतात ती लडाखमधील पुगा खोरे, सुमारे ४,४०० मीटर उंचीवर. झऱ्यांचे पाणी ८४ अंशांपर्यंत, म्हणजे त्या उंचीवरच्या उत्कलनबिंदूजवळ. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने तिथे विहिरी खोदून अभ्यास केला, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये एक मेगावॉटच्या प्रायोगिक केंद्रासाठी ओएनजीसी, लडाख प्रशासन आणि लेहची पर्वतीय परिषद यांच्यात करार झाला. लडाखच्या कडाक्याच्या थंडीत डिझेल जाळण्याऐवजी जमिनीची ऊब मिळाली, तर ती मोठीच गोष्ट ठरेल. मला तो प्रयोग यशस्वी व्हावा असेच वाटते.

पण पुगा जुन्या काळापासून प्रसिद्ध आहे ते टाकणखार आणि गंधकासाठी. टाकणखार म्हणजे बोरॉनचेच संयुग. आणि पुग्याचा ओढा सिंधूला मिळतो. किझिलदेरेत जो बोरॉन शेतात उतरला, त्याची आठवण इथे ठेवायला हवी. विजेचे आकडे जाहीर होतील तेव्हा त्यांच्याबरोबर तीन साधे आकडेही मागितले पाहिजेत: पाण्यात काय किती विरघळले आहे, त्यात कोणते औषध किती घालणार, आणि वापरलेल्या पाण्यापैकी किती जमिनीत परत जाणार. हे विचारायला पदवी लागत नाही.

आमचा बंब आता माळ्यावर आहे. मागच्या दिवाळीत खाली काढून उजळला, तेव्हा नळकांड्याला जुना थर तसाच चिकटलेला दिसला. आईच्या चिंचेच्या पाण्यालाही तो पुरता सुटला नव्हता. तिने मात्र ते पाणी कधी मोरीत ओतले नाही. अंगणाच्या कडेला, झाडांपासून दूर नेऊन ओतायची. का, ते तिला विचारायचे राहून गेले.